जोराची सुई, दमाची सुई

पट्टा कमरेला बांधून घरी आल्या आल्या ज्योत्स्नाबाईंनी घर आवरायला काढलं. माळ्यावरची जळमटं काढली, फ्रिजमागची धूळ पुसली, हणमंतरावांच्या पलंगावर नवी चादर घातली. हणमंतराव पडल्या पडल्या हे सगळं बघत होते.

“आगं, त्यो पट्टा कमरंचा हाय,” ते म्हणाले. “त्याला घर दिसत न्हाई.”

“माहीत आहे मला.”

माहीत होतं, तरी हात थांबत नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं काढलेल्या बाईला तपासणी म्हटलं की एवढं एकच कळतं. साहेब येणार असले की आदल्या दिवशी तक्ते लावायचे, हुशार पोरं पुढच्या रांगेत बसवायची आणि जे पोर हमखास चुकीचं उत्तर देतं त्याला नेमकं त्या वेळी पाणी भरायला पाठवायचं. यात काही खोटेपणा आहे असं तेहतीस वर्षांत कोणाला वाटलं नव्हतं. साहेबांनाही नाही, कारण तेही कधीकाळी शिक्षकच होते.

पट्टा तसा साधा होता. चार बोटं रुंद, काळा, पाठीच्या कण्यापाशी एक चपटी डबी. एकवीस दिवस तो अंगावर ठेवायचा. बाई दिवसातून किती चालतात, किती चढतात, कितीदा वाकतात, किती वजन उचलतात, कशानं त्यांना धाप लागते आणि कशानं कंबर थरथरते, हे सगळं ती डबी टिपून घेणार होती. शेवटी ती सांगणार होती की या बाईला जोराची सुई द्यावी की दमाची. सरकारी कागदावर या सुयांची नावं लांबलचक होती. ती साताऱ्यात कोणी वाचली नाहीत. जोराची सुई आणि दमाची सुई, एवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं.

त्या सकाळी आरोग्य केंद्रात डॉ. आफरीन मुजावरनं सगळं नीट समजावून सांगितलं होतं. आफरीन तिसरी-चौथीला बाईंच्या वर्गात होती. आता ती स्नायूंची डॉक्टर झाली होती, तरी बाई आत आल्या की उठून उभी राहायची आणि त्या बसल्यावरच बसायची.

“बाई, आपल्या स्नायूंत दोन जातीचे धागे असतात,” ती म्हणाली. “तांबडे आणि पांढरे. तांबडे सावकाश काम करतात, पण तासन्‌तास थकत नाहीत. तुम्ही रोज अजिंक्यतारा चढता तो त्यांच्या जिवावर. पांढरे झटक्यात ताकद लावतात आणि मिनिटभरात दमतात. भरलेली बादली उचलणं, जमिनीवरून उठणं, पाय घसरला तर तोल सावरणं, ही त्यांची कामं. पन्नाशी उलटली की पांढरे आधी मरायला लागतात. म्हणून म्हातारं माणूस चार किलोमीटर फिरून येतं, पण पंगतीतून उठताना हात टेकतं.”

“मग दोन्ही वाढवायचे.”

“व्यायामानं थोडे थोडे दोन्ही टिकतात. वय जितकं टिकू देईल तितके. सुईचं तसं नाही. असं समजा, स्नायूच्या पेशीत दोन निरोप्ये फिरत असतात. एक सांगतो, बांधा, जाड व्हा. दुसरा सांगतो, लांब जायचंय, इंधन जपून वापरा. एक बोलायला लागला की दुसऱ्याचा आवाज बसतो. तरुणपणी ते आळीपाळीनं बोलतात, म्हणून निभतं. सुई त्यातल्या एकाला बारा वर्षं बोलतं ठेवते. दुसरा बारा वर्षं गप्प.”

“आणि दोन्ही सुया टोचल्या तर?”

“सुरुवातीला दोघातिघांनी हट्टानं टोचून घेतल्या. दोन्ही निरोप्ये गप्प झाले. त्यांना आता खुर्चीतून दुसऱ्यानं उठवावं लागतं.”

औषध कमी होतं, म्हणून एका घराला एकच सुई मिळायची. कोणती, ते पट्टा ठरवायचा; लेखी अर्ज करून मागितली तरच मनाची मिळायची. पहिल्या वर्षी लोकांना आपल्या मनानं निवडू दिलं होतं, तेव्हा निम्म्या लोकांनी शेजाऱ्यानं घेतली तीच घेतली होती.

“तुम्ही जशा जगता तशाच जगा बाई,” आफरीन म्हणाली. “पट्ट्याला काही दाखवायला जाऊ नका.”

बाईंनी मान डोलावली. चौथीत आफरीनही अशीच मान डोलवायची आणि मग हवं तेच करायची.

दोन वर्षांपूर्वी हणमंतरावांची उजवी बाजू गेली. वायरमन म्हणून अठ्ठावीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेला माणूस, पण झटका आला तो घरी, खुर्चीत बसून चहा पिताना. पहिले तीन महिने व्यायाम चालू होते. दांडीला धरून ते उभंही राहायला लागले होते. मग एकदा न्हाणीघरात बाई त्यांना उठवत असताना पाय घसरला आणि दोघंही पडली. बाई खाली, अठ्ठ्याहत्तर किलोंचे हणमंतराव वर. ओल्या फरशीवर ती दोघं चाळीस मिनिटं तशीच होती. बाईंची एक बरगडी पिचली. त्या दिवसापासून हणमंतरावांनी उभं राहण्याचं नाव काढलं नाही आणि बाईंनीही काढू दिलं नाही.

उचलण्याची त्यांची एक पद्धत बसून गेली होती. हणमंतरावांनी डावा हात बाईंच्या गळ्यात टाकायचा, बाईंनी आपला गुडघा त्यांच्या गुडघ्यांमध्ये सरकवायचा आणि म्हणायचं, “थांबा, मी आहे ना.” मग एका दमात वर. दिवसातून अकरा वेळा. उचलण्याचं यंत्रही येऊन गेलं होतं. ते न्हाणीघराच्या दारात असं अडकलं की काढायला दोन माणसं बोलवावी लागली. मुलगा संग्राम जर्मनीत होता, तिथल्या म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेला. दिवसभर तो तिकडच्या आजोबांना उचलायचा आणि रविवारी फोनवरून आईला कसं उचलायचं ते शिकवायचा.

आता बाई एकोणसाठच्या झाल्या होत्या आणि कंबर साथ सोडायला लागली होती. गेल्या महिन्यात दोनदा पहिल्या प्रयत्नात हणमंतराव उठलेच नाहीत. उचलणं थांबलं तर पुढचा रस्ता शुश्रूषा केंद्राचा. केंद्र काही वाईट नव्हतं. स्वच्छ होतं, पलंग ओळीनं लावलेले, उचलायला यंत्रं. बाई त्यांना एकदा दाखवायला घेऊन गेल्या होत्या. हणमंतराव “बरं हाय” म्हणाले, पण अशा आवाजात म्हणाले की बाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

म्हणजे सुई जोराची हवी होती. पण बाईंचं सकाळचं दीड तास किल्ला चढणं गेली सतरा वर्षं चालू होतं, आणि जोराची सुई घेतली की तो किल्ला गेला. हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. शेजारच्या कुंदाताई पंधरा वर्षं त्यांच्याबरोबर चढायच्या. त्यांची पिठाची गिरणी, दिवसभर पोती इकडची तिकडे, त्यामुळे गेल्या वर्षी पट्ट्यानं त्यांना जोर दिला. कुंदाताई आता पन्नास किलोचं पोतं एकटीनं फिरवत, पण किल्ल्याच्या दुसऱ्या वळणावर मटकन खाली बसत. महिनाभर रडून त्यांनी येणंच सोडलं. आता सकाळी बाई वर जात तेव्हा कुंदाताई हणमंतरावांजवळ येऊन बसत आणि बाई परतल्या की विचारत, “आज यवतेश्वराचा डोंगर दिसला का गं?” मग सात वाजले की त्या गिरणी उघडायला जात.

जोर हवाच होता, पण तो आपण मागून घ्यायचा नाही, असं बाईंनी ठरवलं होतं. मागून घेतला तर हणमंतराव जन्मभर म्हणणार, माझ्यापायी तुझा किल्ला गेला. आणि कधीतरी, फार चिडल्यावर, त्याही तेच म्हणतील. हे दुसरं त्यांना जास्त भिववत होतं. यंत्रानंच सांगितलं म्हटल्यावर कोणाचा दोष नाही, कोणाचे उपकार नाहीत. तेव्हा पट्ट्याला जोराचंच आयुष्य दाखवायचं, किल्ला दाखवायचाच नाही. चुकीचं उत्तर देणारं पोर पाणी भरायला पाठवून द्यायचं.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी किल्ल्यावर जाणं बंद केलं. कुंदाताईंना सांगितलं की गुडघा धरलाय. त्यांच्याच गिरणीतून ज्वारीचं वीस किलोचं पोतं आणवलं आणि दिवसातून पाच-सहा वेळा ते स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आणि बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात न्यायला लागल्या.

“किल्ल्यावर का जात न्हाईस?” हणमंतरावांनी विचारलं.

“गुडघा धरलाय.”

“गुडघा धरलाय आनि पोतं उचलतीयास?”

“पोतं हातानं उचलतात.”

“आस्सं. मग दोन वर्सं मला कशानं उचलत हुतीस?”

बाईंनी पोतं उचललं आणि स्वयंपाकघरात नेलं. पण त्याच सुमाराला हणमंतरावांचंही काहीतरी बिनसलं. दुपारचा चहा त्यांनी बंद केला. म्हणाले, आंबट पाणी येतं तोंडाला. ताकही नको झालं. पाण्याच्या दोन बाटल्या बाई सकाळी त्यांच्या उशाशी भरून ठेवत, त्या मात्र संध्याकाळपर्यंत रिकाम्या व्हायच्या, म्हणून बाईंना शंका आली नाही. हाका कमी झाल्या. दिवसाला अकरा वेळा उचलायचं ते आठवर आलं, दहाव्या दिवशी पाचावर. आधी बाईंना बरंच वाटलं, कंबरेला आराम. मग धसका बसला. इतक्या कमी उचलण्यावर पट्टा जोर कसा देणार? त्यांनी पोत्याच्या फेऱ्या वाढवून अकरावर नेल्या.

सोळाव्या दिवशी भर दुपारी हणमंतराव तापानं फणफणले. “वरची लाइन बंद कर, मानूस खांबावर हाय,” असं कोणालातरी ओरडून सांगायला लागले. बाईंनी कपाळावर हात ठेवला आणि लगेच रुग्णवाहिका बोलावली. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं तपासलं, लघवीचा रंग बघितला आणि मान हलवली. मूत्रपिंडाला संसर्ग झाला होता आणि अंगातलं पाणी पार आटलं होतं.

“यांना पाणी देत नव्हता का?” त्यानं विचारलं.

आयुष्यात बाईंना कोणी इतकं लागेलसं बोललं नव्हतं. दोन बाटल्या रोज मी माझ्या हातानं भरते, असं त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता आपलाच आवाज त्यांना खोटा वाटला.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. बाई कपडे घ्यायला घरी आल्या आणि पलंगामागची खिडकी लावायला गेल्या. खिडकीखाली परसात कढीपत्त्याचं झाड होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला दरवर्षी त्याचा खराटा व्हायचा. आज ते पोपटी पालवीनं गच्च भरलं होतं. भोवतीचं आळं अजून दमट होतं. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. उशाशी भरून ठेवलेलं पाणी कुठे जात होतं ते कळायला फार वेळ लागला नाही.

पण बाईंचा स्वभाव उदाहरण सोडवून ताळा करून बघण्याचा. त्या पलंगावर हणमंतरावांच्या जागी आडव्या झाल्या, उजवा हात अंगाखाली दाबून ठेवला आणि डाव्या हातानं खिडकी गाठायचा प्रयत्न केला. हात पुरेना. कोपरावर उठल्या, तरी पुरेना. उठून बसून, पाय खाली सोडून, पलंगाच्या अगदी कडेला आल्यावर कुठे बाटली गजांबाहेर गेली. बाई तशाच कडेला बसून राहिल्या. जो माणूस आपल्यावाचून कुशीवर वळत नाही असं त्या सगळ्यांना सांगत होत्या, तो दिवसातून कितीतरी वेळा इथवर येऊन जात होता.

दवाखान्यात हणमंतराव उशीला टेकून बसले होते. बाईंनी पिशवी खाली ठेवली.

“कढीपत्ता चांगला फुटलाय,” त्या म्हणाल्या.

हणमंतराव छताकडे बघायला लागले.

“केव्हापासून?”

“पट्टा बांदलास तवापासनं.”

“आणि का?”

“पानी प्यालो की उटवाय लागतं. उटवलं की ती डबी ल्हिती. दिसाला अकरा येळा ल्हिलं की तुला जोराची सुई देनार. मग किल्ला ग्येला तुजा. कुंदाताईचं बगितलं न्हाईस व्हय?”

“आणि मी किल्ला सोडून पोती हलवत होते ते?”

“दिसत हुतं की. म्हनून तर आजून कमी प्याया लागलो.”

बाईंना हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. शेजारच्या खाटेवरचे आजोबा वळून बघायला लागले, तरी त्यांना थांबवता येईना.

“केंद्रात ठेव मला,” हणमंतराव हळू म्हणाले. “तू वरनं येतीस तवा माज्यासंगट नीट बोलतीस. न्हाई ग्येलीस की दिसभर मी चौथीच्या वर्गात बसल्यागत असतोय. गेलं पंदरा दीस त्येच चाललंय.”

“केंद्राचं बोलू नका. तिथला तुमचा आवाज मी ऐकलाय.”

त्याच वेळी आफरीन आली. बाईंना बघून नेहमीसारखी दारातच अदबीनं थबकली. आज मात्र तिच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळं होतं.

“बाई,” ती म्हणाली, “तुमच्या घरात कॉपी झालीय.”

तिनं हातातल्या टॅबचा पडदा उघडून दाखवला. सोळा दिवसांच्या नोंदीखाली यंत्रानं लिहिलं होतं: निष्कर्ष नाही. वीस किलोचं एकच वजन एका जागेवरून उचललं जाऊन पुन्हा त्याच जागी येतंय, दिवसातून अकरा वेळा. ज्या घरात धान्याला एवढा प्रवास घडतो असं घर त्याला कुठल्याच नमुन्यात सापडलं नव्हतं. आणि माणसाला उठवण्याच्या फेऱ्या रोज कमी होत गेलेल्या, कारण काही नाही. बाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. शिक्षिका झाल्यापासून पहिल्यांदा त्या बाकाच्या पलीकडच्या बाजूला आल्या होत्या.

“ते जाऊ दे,” आफरीन म्हणाली. “मला निराळंच काहीतरी दिसलंय. काका किती किलोंचे?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“पहिल्या दिवशी तुम्ही त्यांना उठवलंत तेव्हा तुमच्या कमरेवर बावन्न किलोंचा भार आला. पंधराव्या दिवशी एक्केचाळीस. मग उरलेलं वजन कोण उचलत होतं?”

हणमंतराव आपल्या डाव्या पायाकडे बघत होते.

बाईंनी खिडकीचं सांगितलं. आफरीननं हणमंतरावांना विचारलं की पाणी ओतायला दिवसातून किती वेळा उठून बसायचात. सहा-सात वेळा, ते म्हणाले, एकदम बाटली रिकामी केली तर हिला संशय येईल, म्हणून थोडं थोडं. आफरीननं मनात हिशेब केला. पलंगावरून उठून कडेला येणं, तोल धरणं, परत जाणं, शंभराहून जास्त वेळा. ती ज्याला ताकदीचा व्यायाम म्हणून लिहून देते तो याहून फार वेगळा नव्हता. फक्त सोबत पाणी प्यायला हवं होतं.

“पट्टा आम्ही नेहमी उचलणाऱ्याला बांधतो,” ती म्हणाली. “उठणाऱ्याला बांधावा असं अजून कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. कागदावर फक्त ‘घरातील एक व्यक्ती’ असं आहे.”

मग तिनं काही न लपवता सगळं सांगितलं. जोराची सुई काकांच्या उजव्या बाजूला काही करणार नाही, तिथे मेंदूचा निरोपच पोचत नाही. पण डावी बाजू शाबूत आहे, नुसती पडून पडून वाळलीय. तिच्यात जोर आला आणि उजव्या पायाला पट्ट्यांचा आधार दिला, तर चार पायांच्या काठीवर काका स्वतः उभे राहू शकतील. शकतील म्हणजे शक्यता अर्धीमुर्धी. जमलं नाही, तर घराची सुई संपली. बाईंना जोर नाही आणि दमही नाही. त्यांच्या कमरेत फार तर दोन-तीन वर्षं उरलीत. पुढे केंद्र.

“माज्यावर घालवू नगंस,” हणमंतराव म्हणाले. “पडलेल्या खांबाला कोन तार जोडत न्हाई.”

बाईंनी आफरीनकडे एक दिवसाची मुदत मागितली. पट्टा तिच्या हातात काढून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाताई दवाखान्यात बसल्या आणि बाई किल्ल्यावर गेल्या. सतरा दिवसांनी. पाय आपोआप चालत होते, श्वास एका लयीत लागला होता. वरच्या दरवाज्याशी त्या कठड्यावर बसल्या. खाली सगळं गाव कोवळ्या उन्हात पसरलं होतं. हे सुटलं तर आपण आतून वाळून जाऊ, हे त्यांना तिथे बसल्यावर लख्ख कळलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली नाही.

पण विचार दुसऱ्याच गोष्टीचा येत होता. “थांबा, मी आहे ना.” दोन वर्षं, दिवसातून अकरा वेळा. हणमंतरावांनी पलंगाला हात लावून जोर करावा, तोवर आपण त्यांना उचललेलंच असायचं. वर्गात एखादं पोर फळ्यापाशी अडलं की काही बाया त्याच्या हातातला खडू काढून घेतात आणि स्वतःच उत्तर लिहून टाकतात. अशा बायांचा ज्योत्स्नाबाईंना मनस्वी राग यायचा. प्रेमानं केलं म्हणून ते काही वेगळं होत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांना थोडा अभिमानही होता. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, ज्योत्स्नाताईंनी नवऱ्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं. हणमंतराव उभे राहिले तर आपलं काय, ही भीती मनाच्या तळाशी होती. ती त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली.

खाली उतरून त्या थेट आरोग्य केंद्रात गेल्या आणि जोराच्या सुईच्या अर्जावर हणमंतरावांचं नाव लिहिलं.

“आनि न्हाई जमलं तर?” हणमंतरावांनी विचारलं.

“तर मी चिडेन,” बाई म्हणाल्या. “तुमच्यावरच चिडेन. तुम्ही ऐकून घ्यायचं. पण पट्ट्यानं केलं असं म्हणायला मला आता जागा नको.”

हणमंतरावांनी डावा हात दंडापर्यंत उघडा करून पुढे केला. सुई मांडीत आणि पाठीत द्यायची होती, पण त्या क्षणी कोणी ते त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही.

पुढचे तीन महिने घरात नुसती धुसफूस होती. औषध धाग्यांना तयार करतं, वाढवावं ज्याचं त्यालाच लागतं. सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा वेळा पलंगाच्या कडेवरून डाव्या पायावर उठायचं, अशी आफरीनची शिस्त. पहिल्या महिन्यात हणमंतराव चार बोटंही वर उठत नव्हते. घाम यायचा, शिव्या यायच्या, विजेच्या कंपनीपासून सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार व्हायचा. बाई अजूनही त्यांना न्हाणीघरात नेत होत्या, पण आफरीननं नियम घातला होता की बाईंनी मनात पाच अंक मोजून मगच हात लावायचा. ते पाच अंक बाईंना किल्ल्याच्या शेवटच्या चढापेक्षा अवघड जात. त्या रोज किल्ल्यावर जात होत्या आणि आल्यावर भिंतीला पाठ लावून वीस बैठका मारत होत्या. सुईवाचून जितकं राहील तितकं, थोडं जोराचं आणि थोडं दमाचं. कुंदाताई म्हणायच्या, बैठकांत मी तुला हरवीन, आणि खरंच हरवायच्या.

ज्येष्ठातल्या एका सकाळी बाई किल्ल्यावरून आल्या तेव्हा कुंदाताई गिरणी उघडायला गेल्या होत्या आणि हणमंतराव पलंगाच्या कडेला बसले होते. उजव्या पायाला आधाराचे पट्टे त्यांनी स्वतःच, वाकडेतिकडे, पण घट्ट बांधले होते. समोर चार पायांची काठी होती.

“थांबा, मी...” बाई म्हणाल्या आणि मध्येच गप्प झाल्या.

“मोज,” हणमंतराव म्हणाले.

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट अडकवले. हणमंतराव पुढे झुकले. डावी मांडी थरथरली, काठी फरशीवर किंचित सरकली. तोल एकदा मागे गेला. बाईंचे पाच अंक केव्हाच होऊन गेले होते, तरी त्यांनी हात सोडले नाहीत. आपल्याच बोटांची हाडं दुखायला लागली होती. मग हणमंतरावांची कंबर पलंगापासून सुटली आणि ते उभे राहिले. वाकडे, उजवीकडे कललेले, पण उभे. बाईंना आठवलं की हा माणूस आपल्यापेक्षा चांगला वीतभर उंच आहे. दोन वर्षं त्या त्यांच्याकडे वरूनच बघत आल्या होत्या.

काठी पुढे, डावा पाय, मग उजवा ओढत. नऊ पावलांचं अंतर कापायला त्यांना किती वेळ लागला कोण जाणे. बाई दोन पावलं मागून चालत होत्या, हात तसेच पाठीशी. न्हाणीघराच्या दाराशी हणमंतराव थांबले, चौकटीला धरून आत गेले आणि दार लोटलं. दोन वर्षांत ते दार त्यांच्या मागे कधी लागलं नव्हतं. बाई बाहेर कान देऊन उभ्या राहिल्या. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

“अहो,” बाई घाबरून म्हणाल्या, “कडी कशाला लावलीत? मीच तर आहे बाहेर.”

“लाज वाटती,” हणमंतराव म्हणाले.

बाई दारापासून मागे सरल्या. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी नळ सोडला, पाणी मोठ्यानं वाहू दिलं, म्हणजे न्हाणीघरातला आवाज आपल्या कानावर येणार नाही. आणि तिथेच ओट्याला टेकून, कोणी बघत नाही असं बघून, त्या पोटभर रडल्या.